शेवटच्या घराच्या पलीकडून

१

दुपारची झोप उरकली की सर छत्री काखेत मारून घराबाहेर पडत. आभाळात ढगाची चिंधीही नसली तरी छत्री हवीच. "आभाळ कोसळलं तर उघडायला बरी," असं त्यांची थोरली बहीण, ताई, म्हणायची. सर त्यावर हसत नसत, कारण त्यांना त्यात तथ्य वाटे.

लाँड्रीच्या मागच्या अंगाला एक अरुंद खोली होती. पूर्वी तिथं बॉयलर होता. आता भिंतीवर त्याच्या नळ्यांचे गंजके वळ तेवढे उरले होते, आणि पलीकडून दिवसभर इस्त्रीच्या वाफेचा फुस्स असा आवाज येई. या खोलीत वसाहतीचं मशीन होतं. वसाहतीनं इंटरनेटसाठी स्वतःचं फायबर टाकून घेतलं तेव्हा सगळ्यांनी सरांना गळ घातली होती. उभा जन्म विद्यापीठात ज्यानं हेच शिकवलं तो माणूस आयता घरात बसलेला असताना बाहेरचा कशाला? सरांनी आधी नाही म्हटलं, मग हो म्हटलं, आणि हो म्हटल्याबद्दल पुढे कितीतरी दिवस हळहळत राहिले.

काम समजायला सोपं होतं. मशीनमधून केसाएवढी बारीक एकच काचेची तार निघते आणि वाटेत फुटत फुटत घरोघरच्या डब्यांपर्यंत पोचते. मशीन बोलतं ते सगळ्या डब्यांना एकदम ऐकू जातं, त्यात काही भानगड नाही. भानगड परतीच्या वाटेवर. सगळ्या घरांचा प्रकाश त्या एकाच तारेत शिरणार. दोघं एकदम बोलले की दोघांच्याही बोलण्याचा चिखल. म्हणून मशीन पाळ्या लावून देतं. आता तू, एवढाच वेळ. आता तू. कोणाला आधी सोडायचं, कोणाला किती वेळ द्यायचा, कोणाला जरा ताटकळत ठेवलं तरी चालेल, हे सर ठरवत. शिंपीणबाईंच्या मुलीची परीक्षा असली की शेजारच्या घरातले सिनेमे किंचित अडखळत. शेजारी कुरकुरत. सर त्यांची माफी मागत आणि पुढच्या परीक्षेला पुन्हा तेच करत.

नजर आता आकड्यांवर ठरत नसे, म्हणून सरांनी एक युक्ती केली होती. तारेतला प्रकाश कितीतरी पटींनी संथ करून ते एका जुन्या स्पीकरमधून ऐकत. प्रत्येक घराची एक टिक. सरावानं त्यांना टिकेवरून घर ओळखू येई. पहिली टिक कायम ताईची.

आणि मध्येच एक फट येई. थोड्या थोड्या वेळानं मशीन सगळ्यांना गप्प करायचं आणि रिकाम्या तारेत विचारायचं, नवीन कोणी आहे का? कुठे नवा डबा बसला असला तर तो याच फटीत 'मी आहे' म्हणणार. उत्तर यायला किती वेळ लागला त्यावरून मशीन त्याचं अंतर मोजणार, नाव विचारणार आणि त्याला पाळी देणार. कोणी नसलं की फट तशीच मोकळी जाई.

सरांना ती फट फार आवडे. वर्गात प्रश्न विचारल्यावर पडते ना, तशी शांतता. उत्तर कोणालाच येत नसतं, तरी क्षणभर वाटतं, येईल कोणाला तरी.

२

त्या दुपारी फटीत टिक झाली.

अगदी हलकी. नख काचेवर टेकावं तशी. सरांनी पलीकडच्या इस्त्रीवर संशय घेतला, मग स्पीकरवर, मग स्वतःच्या कानांवर. सत्तरी ओलांडलेल्या माणसाचे कान काय वाटेल ते ऐकतात. त्यांनी दोन्ही कान चोळले आणि पुढच्या फटीची वाट पाहिली.

टिक.

नवा डबा असेल. पण नवा डबा बसवायचा तर तो वसाहतीच्या तारा जोडणाऱ्या फायबरवालीकडूनच बसणार, आणि ती सांगितल्याशिवाय खिळासुद्धा ठोकत नसे. सरांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि पडद्यावर पाहिलं. मशीननं नाव विचारलं होतं. उत्तरात नावाची जागा कोरी होती. अर्थातच मशीननं त्याला पाळी दिली नाही. निनावी माणसाला कोण आत घेईल?

पण एक गोष्ट मशीननं इमानेइतबारे मोजून ठेवली होती. अंतर.

सरांनी आकडा वाचला, पुन्हा वाचला, आणि खिशातून कागद काढून हातानं हिशोब केला, कारण चूक स्वतःचीच असणार याची त्यांना जवळजवळ खात्री होती. चूक नव्हती. वसाहतीची तार उताराच्या शेवटच्या घरापाशी संपते. ते घर ताईचं. हे उत्तर त्याच्या कितीतरी पुढून येत होतं. ताईच्या परसापलीकडे माळ होता, माळापलीकडे ओढ्यावरचा लहान पूल, त्यापलीकडे टेकडी. टेकडीवर पाण्याची टाकी. आकडा त्या टाकीच्या आसपासचा होता.

तिथपर्यंत तारच नव्हती.

३

"ये सशा," ताई म्हणाली. "छत्री बाहेर ठेव, फरशी ओली होते."

"ऊन आहे ताई बाहेर."

"मग उन्हानं ओली होते. बस."

ताई खिडकीशी उशांना टेकून बसली होती. नाकात ऑक्सिजनची नळी, छातीवर एक पट्टा. पट्टा तिचा प्रत्येक श्वास मोजून भिंतीवरच्या डब्यात टाके, आणि डबा तो तारेवरून थेट हॉस्पिटलात पाठवी. श्वास अडकला की तिथं घंटा वाजणार आणि गाडी निघणार. तिची फुप्फुसं चाळणी झाल्याचं डॉक्टरांनी फार गोड शब्दांत सांगितलं होतं. हॉस्पिटलात मात्र ती राहायला तयार नव्हती. "तिथं सगळेच धापा टाकतात," ती म्हणायची, "आपली कुठली नि परकी कुठली, कळत नाही."

ही तार होती म्हणूनच ताई घरी राहू शकत होती. म्हणून पहिली पाळी तिची, आणि म्हणून सरांची रात्रीची झोप उडालेली.

एके काळी ताई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. हजारो अनोळखी माणसांना तिनं एकमेकांच्या कानाशी जोडून दिलं होतं.

"काय झालंय?" तिनं विचारलं. "तोंड असं का, वाट चुकल्यासारखं?"

सरांनी सांगितलं. शक्य तेवढं हसत सांगितलं.

ताईनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे कोणीतरी रिंग देतंय आणि तुझं मशीन उचलत नाहीये."

"तसं नाही गं. तिथं काही नाहीच. तारच नाही."

"मग उत्तर कोण देतंय?"

"तेच तर."

"मग विचार की."

"कोणाला?"

"अरे घाबरटा, त्यालाच!" ताई हसायला लागली, हसता हसता खोकली, आणि खोकला थांबेपर्यंत सर उगाच तिच्या पाण्याचा पेला सरळ करत राहिले.

४

फायबरवाली स्कूटरवरून आली. खांद्यावर दोरखंड, कमरेला हत्यारांची पिशवी. लोक तिला केबलवाली म्हणत तेव्हा ती दरवेळी दुरुस्त करी. केबल म्हणजे तांबं, आपण काच जोडतो.

तिनं स्पीकरला कान लावला. सर तिच्या चेहऱ्याकडे बघत उभे राहिले. त्यांना एकाच वेळी दोन्ही गोष्टी हव्या होत्या. तिला ऐकू यावं, म्हणजे आपलं डोकं ठिकाणावर आहे. आणि येऊ नये, म्हणजे तिथं काही नाही.

"झाली की टिक," ती म्हणाली.

सरांनी हुश्श केलं, आणि लगेच छत्री जवळ ओढली.

"कुठला तरी डबा बिघडलाय, सर. मध्येच बडबडतोय. आमचे मामा नाहीत का, लग्नाच्या बोलणीत मध्येच तोंड घालतात, तसं."

"पण अंतर?"

"टोकावरून प्रकाश उलटा फिरत असेल. ताईंच्या भिंतीवर जास्तीची तार गुंडाळून ठेवलीय ना, पुढं वाढवायला? तिचं टोक उघडं पडलं असणार."

"उलटा फिरलेला प्रकाश प्रश्नाला उत्तर देत नाही."

"ते तुमचं पुस्तकातलं. चला बघू."

ताईच्या घरामागे, भिंतीवर, तारेचं वेटोळं होतं. टोकावरचं टोपण घट्ट बसलेलं. फायबरवालीनं ते काढलं आणि ताईच्या खोलीतून तारेत लाल दिवा सोडला. टोकावर डाळिंबाच्या दाण्याएवढा लाल ठिपका पेटला. त्यापुढे काही नाही. नुसती हवा, मग कमरेएवढं वाळकं गवत, आणि लांब टेकडीवर टाकी. तिनं टोक पुन्हा कापलं, पुसलं, टोपण लावलं, वर चिकटपट्टीही मारली.

"संपलं," ती म्हणाली.

सर गवताकडे बघत होते. वारा नव्हता. गवत सगळीकडे उभं होतं, फक्त पुलाकडून येणारी एक बारीकशी रेघ आडवी झाली होती. कुत्रं असेल. कुत्री जातात गवतातून. सर स्वतःला असं समजावत राहिले, आणि परत येताना त्यांनी छत्री उघडली. फायबरवालीनं ते पाहिलं, आणि एकदा कोरड्या आभाळाकडेही पाहिलं.

खोलीत स्पीकर चालूच होता. फट आली.

टिक.

सरांनी आकडा पाहिला. आता तो टाकीचा नव्हता. ओढ्यावरच्या पुलाचा होता.

५

त्यानंतर रोज दुपारी सर आधी आकडा बघत आणि मग खुर्चीवर बसत. पूल. पुलाच्या अलीकडचा उतार. माळाची कड.

सर विचार करत, कारण विचार करणं एवढंच त्यांना आयुष्यभर येत होतं. उन्हानं काच ताणते, खरं आहे, पण इंच दोन इंच. अख्खा माळ ओलांडत नाही. मशीनचं घड्याळ बिघडलं असेल? मग सगळीच घरं सरकायला हवीत. शिंपीणबाई जागच्या जागी होत्या, शाळा होती, लाँड्रीसुद्धा जागच्या जागी होती. चालत होतं ते एकच, ज्याला नाव नव्हतं. आणि ते चालत होतं ताईकडे.

त्यांच्या मनात एक शब्द यायचा. तो शब्द ते पुरा होऊ देत नसत.

एका दुपारी ते ताईकडे गेले तर ती डोळे मिटून ऐकत होती.

"सशा, गप्प बस आणि ऐक."

सरांनी ऐकलं. ऑक्सिजनच्या मशीनची घरघर. ताईचा श्वास, आत, बाहेर, शेवटी एक बारीक शीळ.

"काय ऐकायचं?"

"मी श्वास घेते," ताई म्हणाली, "मग ती भिंत घेते."

परसाकडची भिंत. जिच्यावर वेटोळं होतं ती.

"घोरणारा शेजारी मिळाला म्हणायचा," ताईनं विनोद केला, पण तिचं एक बोट चादरीच्या काठाशी चाळा करत होतं. सरांनी ते पाहिलं. लहानपणी विजा चमकायला लागल्या की ताई अशीच धाकट्या भावाला जवळ घेऊन हसायची, आणि दुसऱ्या हातानं फ्रॉकची कड चुरगळायची.

सर तिथून जवळजवळ धावत खोलीत आले. आकडा बघितला. ताईच्या भिंतीचा होता. आता तो आणि ताईच्या डब्याचा आकडा एकच होते.

मशीनमध्ये एक सोय होती. नव्यांना विचारणं थांबवायचं. फटच बंद करायची. वसाहतीत इतक्यात कोणी नवं येणार नव्हतं. मग फट हवी कशाला? जे नावही सांगत नाही त्याला आपण रोज हाका मारतो आहोत, आपणच! बोलावलं नाही तर येणार नाही. पाळी मागायला जागाच नसेल तर मागणार कुठे?

त्यांनी फट बंद केली.

स्पीकरमधून टिकांची अखंड माळ ऐकू येऊ लागली. आधी ताई, मग शिंपीणबाई, मग शाळा, मग बाकीचे, पुन्हा ताई. मध्ये मोकळी जागा नाही. कितीतरी दिवसांनी सरांनी पाठ खुर्चीला टेकवली.

आपण काहीतरी विसरतो आहोत, अशी शंकेची पाल मनात चुकचुकली. पण ती तर रोजच चुकचुकायची.

६

दुसऱ्या दुपारी वीज गेली. गेली म्हणजे काय, डोळा लवावा तेवढी. पलीकडची वाफ गप्प झाली आणि पुन्हा फुसफुसू लागली. खोलीतला दिवा मिचकावला. मशीनला स्वतःची बॅटरी होती, त्याला पत्ताही लागला नाही.

स्पीकर मात्र गप्प होता.

सरांनी त्याला टिचकी मारली. आवाज वाढवला. मग सवयीनं कान चोळले. टिक नाही, काही नाही. शिंपीणबाई नाहीत. शाळा नाही. ती जुनी मोकळी फट जणू लांब होत होत सगळीकडे पसरली होती.

आणि मग त्यांना कळलं.

वीज गेली तेव्हा घरोघरचे डबे विझले, वीज आली तेव्हा पुन्हा पेटले. आणि विझून पेटलेला डबा मशीनच्या लेखी नवाच. तो फटीत 'मी आहे' म्हटल्याशिवाय परत येऊ शकत नाही. हे सरांनी वर्गावर्गातून शिकवलं होतं. परीक्षेत विचारलं होतं. न येणाऱ्यांचे गुण कापले होते. आणि एका अनोळख्याला बाहेर ठेवायला म्हणून त्यांनी अख्ख्या वसाहतीच्या तोंडावर दार लावून घेतलं होतं.

ताईचा श्वास हॉस्पिटलात पोचत नव्हता.

त्यांनी ताईला फोन लावला. तिचा फोनही त्याच डब्यातून जायचा. मोबाइल तिनं कधी घरात येऊ दिला नव्हता. मग हॉस्पिटलला लावला.

"हो आजोबा," तिथली नर्स म्हणाली, "तुमच्या भागातल्या सगळ्याच रेषा पडद्यावरून गेल्यात. लाइट गेली होती ना? येतील आपोआप."

"आपोआप येणार नाहीत हो."

"का?"

"मी... ते बंद केलंय. माझ्या बहिणीकडे गाडी पाठवा, कृपा करून."

"अहो, दोनच गाड्या आहेत. रेषा नुसती गेली म्हणून कुठं कुठं पाठवू? रेषा येऊ द्या, काही वेगळं दिसलं की तत्काळ सोडते."

फायबरवालीला फोन लावला तर ती वसाहतीच्या दुसऱ्या टोकाला खांबावर होती. "उतरतेच," ती म्हणाली. "निघालेच. घाबरू नका, सर." आणि फोन बंद करायच्या आत स्वतःशीच म्हणाली, "देवा, देवा."

सरांचं बोट बटणावर होतं. फट उघडायची. एवढंच. पण फट सगळ्यांसाठी उघडते, एकट्या ताईसाठी उघडता येत नाही. भिंतीपाशी जे येऊन थांबलं होतं तेही त्याच फटीतून येणार. ते आत येईल या भीतीनंच ती बंद केली होती. ते आत आलं तर काय होईल, सरांना माहीत नव्हतं. ते बाहेर राहिलं तर काय होईल, ते आत्ता समोर घडत होतं.

त्यांनी बटण दाबलं.

७

नवीन कोणी आहे का?

सगळी वसाहत एकदम 'मी आहे' म्हणाली. स्पीकरमधून कचकच झाली, मग डबे एकमेकांपासून सुटे होत होत एकेक टिक परत येऊ लागली. शाळा. शिंपीणबाई. लाँड्री. कडेचं दुमजली घर. सर एकेकाला ओळखत होते आणि प्रत्येकाला मनात 'तू नाही, तू नाही' म्हणत होते.

सगळे आले. ताई आली नाही.

फट आली. ताईच्या अंतरावरून खर्र असा आवाज झाला. तो आवाज सरांनी लगेच ओळखला. दोन प्रकाश एकमेकांवर पडले होते. दोघं एकाच क्षणी बोलले होते, म्हणून दोघांचंही ऐकू आलं नाही.

यावर उपाय डब्यातच असतो. टक्कर झाली की डबा मनाला येईल तेवढा वेळ थांबून पुन्हा बोलतो. दोघं वेगवेगळे थांबतात, म्हणून दुसऱ्या खेपेला टक्कर होत नाही.

फट. खर्र.

पुन्हा फट. पुन्हा खर्र. तितकंच थांबून, त्याच क्षणाला. ताईचा डबा थांबला की तेही थांबत होतं, डबा बोलला की तेही बोलत होतं. सरांना ती भिंत आठवली. मी श्वास घेते, मग ती भिंत घेते. आता 'मग' उरलं नव्हतं.

"थांब ना," सर म्हणाले.

रिकाम्या खोलीत, उभा जन्म विज्ञान शिकवलेला माणूस गंजक्या भिंतीशी बोलत होता. आपल्याला लाज वाटायला हवी, असं त्यांना वाटून गेलं, पण लाज वाटायला सवड नव्हती.

"थांब की रे बाबा. तुला काय हवंय ते देतो. आधी तिला येऊ दे. तिचं होऊ दे."

फट आली.

खर्र.

सरांनी डोळे मिटले. पलीकडून वाफेचा लांबलचक फुस्स आवाज आला आणि विरला.

फट आली, आणि कोणीच बोललं नाही. अगदी मोकळी, स्वच्छ, पूर्वीसारखी फट. आणि तिच्या शेवटी शेवटी, जरासं दमल्यासारखी, एकच टिक.

ताई.

मशीननं नाव विचारलं. ताईच्या डब्यानं नाव सांगितलं. पहिली पाळी तिला गेली.

फोन वाजला. "आजोबा," नर्सचा आवाज घाईत होता, "रेषा आली. श्वास अडकलाय त्यांचा. गाडी निघाली, तुम्ही पोचा."

छत्री खोलीतच राहिली.

८

गाडी आणि स्कूटर दारात एकदमच पोचल्या, असं फायबरवाली नंतर सांगायची. ताईचे ओठ निळे पडले होते. आणखी थोडा उशीर झाला असता तर, असं हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले आणि वाक्य पुरं न करता दुसऱ्या खाटेकडे वळले.

ताई बोलायला लागली तेव्हा तिनं आधी उशीबद्दल तक्रार केली, मग शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या धापांबद्दल. सर स्टुलावर बसून मान डोलवत होते.

"ताई, फट मी बंद केली होती," ते शेवटी म्हणाले. "माझ्यामुळे झालं."

"तुझ्यामुळे काय काय होतं याची तुझी यादी मला पाठ आहे. गप्प बस." मग तिनं त्यांना खूण करून जवळ बोलावलं. "खोलीत कोणीतरी होतं, सशा."

सरांनी खाटेची कड धरली.

"दिसलं?"

"अंहं. म्हणजे... पडद्याला जरा फुगवटा आला होता, माणूस मागं उभा राहिल्यासारखा. खिडकी बंद होती. पण मी तिकडं नीट बघितलं नाही, मला हवा मिळेना. मी श्वास ओढला की तेही ओढायचं. एकाच वेळी. मध्येच अडकायचं बघ, दारातून दोघं एकदम घुसल्यासारखं. चार-पाच वेळा तसं झालं."

"मग?"

"मग काय. सवयीनं तोंडातून निघालं. म्हटलं, आपण जरा थांबा, आधी माझं होऊ द्या." ताईच्या चेहऱ्यावर जुना, एक्स्चेंजमधला नम्र ताठा आला. "आणि थांबलं की रे ते! लगेच. इतकं शहाण्यासारखं. आमच्या वेळी मोठमोठे साहेबसुद्धा असे थांबायचे नाहीत."

"तुला भीती नाही वाटली?"

"वाटली ना. पण मला वाटतं, त्यालाही वाटत होती."

सरांनी तिच्या अंगावरची चादर नीट केली.

"कोण होतं ते, ताई?"

"आमच्यात तसं विचारायची पद्धत नव्हती. कोण बोलतंय ते विचारायचं नाही. कोणाशी बोलायचंय, एवढंच विचारायचं." ती थकून उशीवर टेकली. डोळे मिटले. सरांना वाटलं झोपली. तेवढ्यात तिनं एक डोळा उघडला. "आणि सशा, माणसाला होल्डवर ठेवून विसरायचं नसतं."

९

ताई घरी आली. पट्टा छातीवर, नळी नाकात, जीभ पहिल्यासारखी. फायबरवालीनं तिच्या डब्याला बॅटरी बसवली, आणि ताईनं नको नको म्हटलं तरी उशाशी एक मोबाइलही ठेवला. मग वसाहतीतल्या इतर डब्यांनाही एकेक करून बॅटरी बसवायला घेतली. सरांनी वसाहतीच्या सभेत उभं राहून आपली चूक सांगितली. शेजारी सिनेमे अडखळण्याबद्दल नेहमीसारखे कुरकुरले, आणि मग शिंपीणबाईंनी सगळ्यांना चहा दिला.

फट आता कायम उघडी होती. सर रोज कान देऊन बसत. मोकळी. रोज मोकळी. सुटका झाल्यासारखं वाटायला हवं होतं. पण वर्गातला एखादा मुलगा हात वर करून करून शेवटी येईनासा व्हावा, तशी रुखरुख त्यांना लागली होती.

मग एका दुपारी त्यांनी पाळ्यांच्या शेवटी एक लहानशी पाळी नव्यानं घातली. मशीननं नाव मागितलं. सरांनी नावाची जागा कोरी सोडली. मशीननं विचारलं, नक्की? सरांना आयुष्यात कशाचीच नक्की खात्री वाटली नव्हती. त्यांनी नक्की म्हणून सांगितलं.

ती पाळी रिकामी जात राहिली. आधी ताई, मग शिंपीणबाई, मग शाळा, मग बाकीचे, आणि शेवटी कोणासाठी तरी राखलेली एवढीशी शांतता.

ऊन उतरायला लागलं होतं. पलीकडची इस्त्री थांबली होती. ताईची टिक आली, बाकीच्यांच्या आल्या, आणि शेवटच्या त्या जागेत नख काचेवर टेकावं तशी टिक झाली.

सर हलले नाहीत. मग त्यांनी सावकाश चष्मा खाली घेतला आणि अंतर पाहिलं.

आकडा टाकीचा नव्हता, पुलाचा नव्हता, ताईच्या भिंतीचाही नव्हता. मशीनपासून सरांच्या खुर्चीपर्यंत जेवढं अंतर असेल, जेमतेम तेवढा होता.

कोपऱ्यातली छत्री हात लांब केला असता तर मिळाली असती. मागे, नळ्यांच्या गंजक्या वळांपाशी, कोणीतरी अगदी अदबीनं श्वास रोखून धरल्यासारखी शांतता होती. थांबल्यासारखी. थांबा म्हटलं होतं म्हणून थांबल्यासारखी.

सरांनी मागं वळून पाहिलं नाही. पायानं टेबलाखालचं स्टूल बाहेर ओढलं, शेजारी सरकवलं, आणि घसा साफ करून, ताई विचारायची तसं विचारलं,

"बोला. कोणाशी बोलायचंय?"